तेलाच्या वाटेवरचीं दोन कडीं

(नभोवाणीवरून केलेलें भाषण)

इतिहास म्हटला म्हणजे आपल्या डोळ्यांपुढें लढाया, तह आणि सनावळ्या उभ्या राहतात. मराठी शाळेंत चौतीस वर्षें मीं तोच इतिहास शिकविला आणि त्याबद्दल मला यत्किंचितही खेद नाहीं. तथापि सेवानिवृत्तीनंतर एका जुन्या मोटारीच्या निमित्तानें मला निराळ्याच इतिहासाची ओळख झाली. हा इतिहास जुन्या पावलीएवढ्या दोन रबरी कड्यांचा आहे. मोटारीच्या इंजिनांत तेल थंड करणारें जें उपकरण असतें, त्याच्या बुडाशीं हीं कडीं बसवितात. कारागीर त्यांना ऑइल-कूलरचीं सीलें म्हणतात. त्यांची किंमत किरकोळ. परंतु तीं चुकलीं तर मोठ्या खर्चानें बांधलेलें इंजिन थोड्याच वेळांत निकामी होऊं शकतें. आज मला जें सांगावयाचें आहे त्याचें सार असें, कीं ज्या इंजिनाला जग ‘हवेनें थंड होणारें’ म्हणतें, त्याच्या उष्णतेचा मोठा भार तेल वाहतें. आणि त्या तेलाची लाज हीं दोन कडीं राखतात.

जळगांवांत आमच्या शेजारीं एक निवृत्त गृहस्थ राहतात. त्यांचे वडील डॉक्टर होते. मुंबईहून त्यांनीं एक जुनी फोक्सवॅगन मोटार विकत आणली होती. गाडी १९६५ सालची, पाठीला गोल बांक असलेली. गल्लींतील मुलें तिला कासव म्हणत. आसपासच्या खेड्यांतील रोगी पाहावयास डॉक्टर याच गाडीनें जात. ते वारले आणि गाडी पत्र्याच्या छपराखालीं वीस वर्षें उभी राहिली. शेजाऱ्यांच्या मातुःश्री आतां धुळ्यास धाकट्या मुलाकडे असतात. वय ऐंशीच्या पलीकडे गेलेलें. ‘एकदां त्या गाडींत बसून पांझरेच्या कांठीं एकवीरादेवीला जाऊन यावें,’ एवढीच एक गोष्ट त्यांनीं मुलापाशीं मागितली. तेव्हां इंजिन नव्यानें बांधून घेण्याचें ठरलें. एका मोठ्या शहरांतील कारखान्यांत गाडी पाठविली. चार महिन्यांनीं ती रंगरंगोटी होऊन परत आली.

चैत्राचे दिवस होते. सकाळीं आम्ही जळगांव सोडलें. मी सोबतीस होतों. एरंडोल मागें पडलें तोंच गाडींत जळक्या तेलाचा वास भरूं लागला. पारोळ्याच्या अलीकडे तेलाच्या दाबाचा दिवा पेटला. शेजाऱ्यांनीं तत्क्षणीं इंजिन बंद केलें आणि गाडी एका निंबाच्या सावलींत घेतली. मागचें झांकण उघडून पाहतों तों पंख्याच्या कोठीखालून तेल ठिबकत होतें आणि तापलेल्या सिलिंडरांवर पडून त्याचा धूर होत होता. तेल मोजण्याची पट्टी काढून पाहिली, तिच्या टोंकाला तेवढा तेलाचा ओलावा राहिला होता. इतक्यांत धुळ्याहून मातुःश्रींचा फोन आला. त्या नवें लुगडें नेसून दारांत बसल्या होत्या. शेजारी थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “आई, आज नाहीं जमत.”

गाडी ओढून जळगांवास परत आणली आणि माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या गॅरेजमध्यें नेली. त्यानें इंजिन उतरविलें. तें त्या गाडीला चारच बोल्टांनीं धरलेलें असतें. पंख्याची कोठी काढून त्यानें तेलाचा कूलर हातांत घेतला, त्याच्या बुडाचीं दोन कडीं बोटावर ठेवलीं आणि मला म्हणाला, “गुरुजी, हीं कडीं नवीं आहेत, पण या गाडीचीं नव्हेत.” ह्या एका वाक्याचा अर्थ लावण्यासाठीं मला पुढें बरेंच वाचावें लागलें. त्या वाचनांतून जो इतिहास उलगडला, तो आतां सांगतों.

मूळ प्रश्न उष्णतेचा आहे. पेट्रोल जळून जी उष्णता निर्माण होते तिच्यापैकीं साधारणतः एक चतुर्थांशच चाकें फिरविण्याच्या कामीं येते. बाकीची धुराबरोबर आणि इंजिनाच्या अंगावाटे बाहेर घालवावी लागते. तशी न घालविल्यास धातु फुगतो, पिस्टन सिलिंडरांत अडकून बसतो आणि इंजिन जाम होतें. ही उष्णता घालविण्यासाठीं आरंभापासून दोन पंथ झाले. एकानें पाणी वापरलें, दुसऱ्यानें हवा. पाण्याचा पंथ बहुमताचा ठरला. परंतु पाणी उकळतें, आटतें, नळ्यांतून गळतें आणि थंड देशांत गोठून इंजिनाला तडे पाडतें. चाळीसगांवाहून औरंगाबादेकडे, आजच्या छत्रपति संभाजीनगराकडे, जातांना कन्नडचा घाट लागतो. भिल्ल पलटण उभारणाऱ्या औट्रमच्या नांवानें तो इंग्रजी अमदानींत ओळखला जाई. जुन्या मोटारी उन्हाळ्यांत हा घाट चढतांना वाटेंत थांबत, झांकणांतून वाफ सुटे आणि क्लीनर पाण्याचा डबा घेऊन धांवे, हें माझ्या पिढीनें डोळ्यांनीं पाहिलें आहे.

हवेच्या पंथाला अनुयायी थोडे मिळाले, परंतु ते निष्ठावंत होते. अमेरिकेंत सिराक्यूज येथील फ्रँकलिन कंपनीनें १९०२ पासून १९३४ पर्यंत हवेनें थंड होणाऱ्या मोटारी तयार केल्या. १९२७ सालीं लिंडबर्ग यानें ज्या विमानांतून एकट्यानें न थांबतां अटलांटिक महासागर ओलांडला, त्याचेंही इंजिन हवेनेंच थंड होणारें होतें. युरोपांत टाट्रा कंपनीच्या लेडविंका या अभियंत्यानें १९२३ पासून याच तत्त्वावर लहान मोटारी केल्या. त्यांचा पुढील जर्मन लोकांच्या गाडीवर परिणाम झाला, हें आतां सर्वमान्य आहे.

ही लोकांची गाडी म्हणजेच फोक्सवॅगन. जर्मन भाषेंत त्या शब्दाचा अर्थच तो आहे. १९३४ सालीं फर्डिनंड पोर्श या अभियंत्याकडे हें काम सोंपविण्यांत आलें. सामान्य माणसाला परवडावी आणि घरापुढें उघड्यावर उभी राहिली तरी हिवाळ्यांत गोठूं नये, अशी गाडी हवी होती. म्हणून पाणी वर्ज्य झालें. रायमश्पीस या त्यांच्या सहकाऱ्यानें समोरासमोर आडवे झोंपविलेले चार सिलिंडर असलेलें इंजिन रेखिलें. मे १९३८ मध्यें कारखान्याची कोनशिला बसली. हप्त्यानें पैसे भरा, गाडी मिळेल, असें सांगून हिटलरच्या राजवटीनें लक्षावधि लोकांकडून पैसे घेतले. त्यांपैकीं एकालाही त्या योजनेंतून गाडी मिळाली नाहीं. युद्ध पेटलें आणि कारखान्यांतून लष्करी गाड्या बाहेर पडूं लागल्या. त्या वेठीला धरलेल्या मजुरांकडून करवून घेतल्या जात. हा कलंक त्या गाडीच्या इतिहासांतून पुसतां येत नाहीं. याच लष्करी गाड्या आफ्रिकेच्या वाळवंटांत फिरल्या आणि पाण्यावांचून चालणाऱ्या इंजिनाची महती तेथें कळली. १९४५ मध्यें मोडकळीस आलेला कारखाना इव्हान हर्स्ट या ब्रिटिश मेजरानें पुन्हा सुरू केला. १७ फेब्रुवारी १९७२ रोजीं या गाडीनें संख्येच्या बाबतींत फोर्डच्या ‘टी’ मोटारीला मागें टाकिलें. शेवटची गाडी मेक्सिकोंतील पुएब्ला येथें ३० जुलै २००३ रोजीं तयार झाली, तेव्हां एकूण संख्या दोन कोटी पंधरा लाखांवर गेली होती. आपल्याकडे पुण्याजवळ चाकणला याच कंपनीचा कारखाना २००९ सालीं सुरू झाला. परंतु तेथील मोटारी पाण्याच्या पंथांतल्या.

हवेनें थंड होणारें इंजिन म्हणजे कांहीं अपूर्व वस्तु नव्हे. आपल्यापैकीं पुष्कळांच्या दारांत उभी असलेली बजाज स्कूटर आठवा. १९७२ सालीं आलेल्या ‘चेतक’च्या इंजिनावर पत्र्याचें आवरण असे आणि आंतला पंखा त्या आवरणांतून वारा घाली. फोक्सवॅगनची रीत हीच. फक्त पंखा मोठा आणि पत्र्याची कोठी मोठी. परंतु एक महत्त्वाचा फरक आहे. चेतक स्कूटरमध्यें तेल पेट्रोलमध्येंच मिसळावें लागे. तें पेट्रोलबरोबर जळून जाई. मोटारीच्या इंजिनांत मात्र तेंच तेल पुनःपुन्हा फिरतें. फोक्सवॅगनमध्यें तें अवघें अडीच लिटर. तें बेअरिंगांना वंगण देतें, पिस्टनच्या पोटाखालीं उडतें आणि हवा जेथें पोंचूं शकत नाहीं तेथील उष्णता आपल्या अंगावर घेऊन खालीं उतरतें. या तापलेल्या तेलाला श्वास घेण्यासाठीं पंख्याच्या वाऱ्यांत एक चपटा, नळ्यांचा कूलर उभा केलेला असतो. इंजिनांतून तेल एका छिद्रानें वर कूलरमध्यें चढतें आणि थंड होऊन दुसऱ्या छिद्रानें परत उतरतें. या दोन छिद्रांच्या सांध्यांवर आपलीं दोन कडीं बसतात.

धुळें जिल्ह्यांतील श्रोत्यांना हें चटकन् समजेल, कारण पांझरेच्या खोऱ्यांतील फड पद्धति त्यांना माहीत आहे. नदीवर बंधारा घालावयाचा, पाटानें पाणी वळवावयाचें, चाऱ्यांतून तें फडाफडाला द्यावयाचें आणि कोणाच्या शेताला केव्हां पाणी सोडावयाचें हें पाटकऱ्यानें पाहावयाचें. अशी ही शेंकडों वर्षांची शिस्त आहे. इंजिनांतही असाच एक पाटकरी असतो. तो म्हणजे स्प्रिंगवर बसविलेला एक लहानसा पोलादी प्लंजर. सकाळीं तेल थंड आणि घट्ट असतें, त्याचा दाब फार होतो; तेव्हां प्लंजर खालीं दबतो आणि तेल कूलरला वगळून थेट बेअरिंगांकडे जातें. तेल तापून पातळ झालें कीं दाब उतरतो, प्लंजर वर सरकतो, ती जवळची वाट बंद होते आणि सर्व तेलाला कूलरमधून जावें लागतें. पाटकरी झोंपला तर बांध फुटतो. तसाच हा प्लंजर मळानें अडकून वरच राहिला, तर घट्ट तेलाचा सगळा दाब कूलरवर आणि त्या कड्यांवर येतो. म्हणून जाणता कारागीर कूलर गळतांना दिसला कीं प्रथम प्लंजर काढून पाहतो.

आतां कड्यांच्या मापाकडे येऊं. कारण आमच्या फजितीचें मूळ तेथें होतें. या इंजिनाचा आकार काळानुसार वाढत गेला. युद्धापूर्वीं तें ९८५ घनसेंटिमीटरांचें होतें. तें पुढें ११३१, १९५४ पासून ११९२ आणि १९७० नंतर १५८४ घनसेंटिमीटरांचें झालें. युद्धानंतर त्याची शक्ति २५ अश्वशक्ति होती. ती ५० पर्यंत गेली. शक्ति दुप्पट झाली, उष्णता वाढली. पण तेल अडीच लिटरच राहिलें! तेव्हां तेंच तेल अधिक मोकळेपणानें फिरविणें भाग होतें. जुन्या इंजिनांत कूलरकडे जाणारीं छिद्रें ८ मिलिमीटरांचीं होतीं. १९७० च्या सुमारास तीं १० मिलिमीटरांचीं करण्यांत आलीं. दोन मिलिमीटर ऐकावयास क्षुल्लक वाटतात. परंतु शाळेंतील भूमिति आठवा. वर्तुळाचें क्षेत्रफळ त्रिज्येच्या वर्गाप्रमाणें वाढतें. आठाचा वर्ग चौसष्ट, दहाचा शंभर. म्हणजे वाट दीडपटीहून अधिक रुंद झाली. याच सुमारास दाबावर लक्ष ठेवण्यासाठीं दुसरा एक प्लंजरही बसविण्यांत आला.

आणखी एक दोष होता. कूलर पंख्याच्या कोठींतच उभा असल्यामुळें त्याच्या आडोशाला असलेल्या तिसऱ्या सिलिंडरला वारा कमी लागे, आणि जो लागे तोही कूलरमधून तापून आलेला. त्या सिलिंडरची झडप जळून तुटण्याचे प्रकार कारागिरांना ठाऊक होते. त्याला थोडा दिलासा मिळावा म्हणून पुष्कळ वर्षें तेथील ठिणगी इतरांपेक्षां किंचित् उशिरा पाडीत. अखेर १९७१ च्या नमुन्यापासून कूलर कोठीबाहेर काढून त्याला मागें स्वतंत्र घर दिलें. त्या घराच्या आकारावरून इंग्रजी कारागिरांनीं त्याला कुत्र्याच्या घराचें नांव ठेविलें. या रचनेंत कूलर आणि इंजिन यांच्यामध्यें आणखी एक जोडतुकडा आला. त्यामुळें दोनऐवजीं चार कडीं लागूं लागलीं. श्रोतेहो, पाहा, प्रत्येक सुधारणेबरोबर एक नवा सांधा येतो आणि प्रत्येक सांध्याबरोबर गळतीची एक नवी शक्यता.

पण कडें कसलें करावें? याचाही इतिहास आहे. आपल्याकडे मोट चामड्याची असे. सायकलच्या पंपांत आणि रॉकेलच्या स्टोव्हांत चामड्याचें वायसर असे. तें वाळलें कीं स्टोव्हाचा पंप पोकळ चाले, आणि घरांतील वडील माणूस त्याला खोबरेल लावून पुन्हा मऊ करी. युरोपांतही आरंभीं हेंच होतें. जर्मनींतील वाइनहाइम गांवीं १८४९ पासून चामडें कमावणारी फ्रॉइडेनबेर्ग नांवाची पेढी होती. १९२९ च्या मंदींत चामड्याची मागणी घटली, तेव्हां तिनें मोटारींसाठीं चामड्याचीं सीलें करण्यास आरंभ केला. रबर हाताशीं होतें. १८३९ सालीं गुडइयर यानें गंधक घालून तें टिकाऊ करण्याची रीत शोधली होती. परंतु झाडाच्या चिकापासून केलेलें रबर खनिज तेलांत फुगतें आणि मेणासारखें लिबलिबीत होतें. तेलाला न जुमानणारें कृत्रिम रबर १९३० सालीं जर्मन रसायनज्ञ कोन्राड आणि चुंकुर यांनीं शोधिलें. त्यालाच आज नायट्राइल रबर म्हणतात. १९३६ च्या सुमारास त्या चामड्याच्या पेढीनें सीलांसाठीं कृत्रिम रबर घेतलें आणि चामड्याचें राज्य संपत आलें. १९५७ पासून याहून अधिक उष्णता सोसणारें व्हायटॉन नांवाचें रबरही बाजारांत मिळूं लागलें.

साध्या गोल कड्याचा एक प्रसिद्ध शोध तर मला विशेष प्रिय आहे. नील्स क्रिस्टेन्सन हा डेन्मार्कचा माणूस अमेरिकेंत जाऊन यंत्रांचें काम करी. योग्य मापाच्या खांचेंत बसविलेलें रबरी कडें दाबाखालीं स्वतःच अधिक घट्ट बसतें, हें त्यानें प्रयोगांनीं सिद्ध केलें. १९३७ सालीं त्यानें त्याच्या हक्कासाठीं अर्ज केला तेव्हां तो बहात्तर वर्षांचा होता. हक्क त्याला १९३९ मध्यें मिळाला. निवृत्तीनंतर माणसाच्या हातून कांहीं होत नाहीं असें म्हणणाऱ्यांना मी ही गोष्ट मुद्दाम सांगतों.

आतां आमच्या गाडीकडे वळूं. गाडी १९६५ ची. म्हणजे तिचा मूळ कूलर ८ मिलिमीटरांच्या छिद्रांचा. परंतु शहरांतील कारखान्यानें तिचें जुनें, झिजलेलें धड बदलून नंतरच्या काळांतील धड बसविलें होतें. त्यांतील छिद्रें १० मिलिमीटरांचीं. यांत वावगें कांहीं नव्हतें. अशा मिश्र जोडीसाठीं एक बाजू मोठी व एक बाजू लहान अशीं पायरीचीं कडीं मिळतात. सीलांच्या नव्या संचांत पुष्कळदां सर्व मापांचीं कडीं एकत्रच येतात आणि दिसावयास तीं सारखींच दिसतात. घाईंत कोणीतरी सरळ, दहाचीं कडीं उचललीं आणि दाबून बसविलीं. जुन्या कूलरच्या लहान घरांत तीं नीट बसलीं नाहींत, एका अंगाला दुमडलीं. आणि पन्नास किलोमीटर चालून तेल तापलें तेव्हां त्या दुमडींतून वाट काढून बाहेर पडलें. यंत्र खोटें बोलत नाहीं, तें फक्त उशिरा बोलतें.

माझ्या विद्यार्थ्यानें पुढें जें केलें तें मीं स्टुलावर बसून पाहिलें. प्रथम त्यानें तळाची चाळणी उघडून तेलांत धातूचा कीस आहे काय तें पाहिलें. कीस असता, तर कूलर टाकून द्यावा लागला असता. कारण त्याच्या अरुंद नळ्यांत अडकलेला कीस धुऊनही पुरता निघत नाहीं, आणि पुढें तोच नव्या बेअरिंगांचा घात करतो. सुदैवानें तेल स्वच्छ होतें. दिवा पेटतांच इंजिन बंद केल्याचें तें फळ. मग त्यानें दोन्ही प्लंजर काढून पुसले आणि आपापल्या घरांत ते बोटाच्या दाबानें मोकळे सरकतात अशी खात्री करून घेतली. सांध्यांची जागा त्यानें लांकडाच्या चिपेनें खरवडली. मीं विचारलें, “पत्री कां नाहीं वापरीत?” तो म्हणाला, “गुरुजी, हें धड मॅग्नेशियमचें आहे. लोखंडाचा ओरखडा पडला कीं तेवढीच तेलाला वाट.”

नंतर त्यानें कॅलिपरनें छिद्रें मोजलीं. धडाचीं दहा, कूलरचीं आठ. त्याच मापाचीं पायरीचीं कडीं निवडून, तीं वांकवून त्यानें रबराला तडे नाहींत ना हें पाहिलें. कारण रबर पेटींत पडून राहिलें तरी म्हातारें होतें. कड्यांना त्यानें कसलाही चिकट लेप लाविला नाहीं. लेपाचा तुकडा सुटून तेलाच्या वाटेंत गेला तर गळतीपेक्षां मोठा अनर्थ होतो. कडीं आपापल्या घरांत सपाट बसवून त्यानें कूलर सरळ खालीं उतरविला, आडवा सरकविला नाहीं. आणि तिन्ही नट दहाच्या पान्यानें आळीपाळीनें थोडे थोडे आवळले.

येथें माझी आणि त्याची थोडी वादावादी झाली. मला वाटलें, एकदां फजिती झाली आहे, तर नट चांगले कचकचून आवळावे. मीं तसें म्हणालोंही. तो हंसला. “गुरुजी, कडें घट्टपणानें तेल अडवीत नाहीं, लवचिकपणानें अडवितें. फार आवळलें तर तें चेंगरून मरतें, आणि या मऊ धातूंतून बोल्टही उपटून येतो. मनगटाचा जोर पुरे, खांद्याचा नको.” चौतीस वर्षें मुलांना शिस्त लावणाऱ्या मास्तराला हें वाक्य ऐकून क्षणभर आपल्या वर्गांतील छडी आठवली, हें मी येथें कबूल करतों.

शेवटीं त्यानें एक गोष्ट केली, जी पूर्वीं झाली असती तर आमची फजिती टळली असती. पंख्याची कोठी बसविण्यापूर्वींच इंजिन जुन्या गीअरबॉक्सच्या रिकाम्या कवचाला जोडून, ठिणगीचे प्लग काढून, त्यानें तें स्टार्टरनें फिरविलें. तेलाचा दाब चढला. कूलरच्या बुडाशीं पांढऱ्या कागदाच्या पट्ट्या खोंवल्या होत्या. थोड्या वेळानें त्या काढून पाहिल्या, तर त्या कोरड्या होत्या. कोठी एकदां बसली कीं ही जागा डोळ्यांआड होते. पुन्हा पाहावयाची तर इंजिन उतरवावें लागतें. म्हणून जें दिसेनासें होणार आहे, तें दिसत आहे तोंवरच तपासावें, हा त्याचा नियम. हा नियम केवळ इंजिनापुरताच खरा आहे असें मला वाटत नाहीं.

वैशाखांत पुन्हा निघालों. खानदेशांत त्या दिवसांत पारा पंचेचाळीस अंशांपर्यंत चढतो, म्हणून पहांटेच जळगांव सोडलें. एरंडोल गेलें, तो निंब गेला, पारोळ्याचा किल्ला मागें पडला. तेथें गाडी थांबवून शेजाऱ्यांनीं इंजिनाखालीं वर्तमानपत्राचा कागद पसरला. दहा मिनिटें आम्ही दोघे त्या कागदाकडे पाहत उभे होतों. त्यावर एकही थेंब पडला नाहीं. धुळ्यास पोंचलों तेव्हां मातुःश्री दारांतच बसल्या होत्या. गाडींत पाय ठेवतांना त्यांनीं हातानें दाराची कड चांचपली आणि म्हणाल्या, “वास तोच आहे.” पांझरेच्या कांठीं जाऊन देवीचें दर्शन झालें. परततांना त्या मुलाला एवढेंच म्हणाल्या, “तुझे वडील उतरणीवर इतकी जोरांत नसत चालवीत.”

श्रोतेहो, इतिहासाच्या पुस्तकांत पोर्शचें नांव आहे, कारखान्याच्या कोनशिलेची तारीख आहे, गाड्यांची संख्या आहे. तें सर्व योग्यच आहे. परंतु जुनी वस्तु जिवंत राहते ती त्या तारखांनीं नव्हे. आठ आणि दहा मिलिमीटरांतला फरक ज्याला कळतो आणि तो मोजून पाहण्याची ज्याला लाज वाटत नाहीं, अशा माणसाच्या हातांत ती जिवंत राहते. आपल्या गांवच्या गॅरेजमध्यें असा एखादा माणूस असेल. त्याच्याजवळ बसून दोन गोष्टी विचाराव्या आणि जमल्यास लिहून ठेवाव्या; कारण तें ज्ञान बहुधा कोणत्याही दप्तरांत सांपडावयाचें नाहीं.